कृषी प्रदर्शनाच्या स्टॉलवर काय मांडू द्यायचं, काय नाही

तालुक्याच्या गावी प्रदर्शन भरवायचं असेल तर बंदीची यादी बुकिंगच्या आधी तयार हवी. अर्जाच्या मागेच छापा आणि खाली सही घ्या. मंडप उभा झाल्यावर ‘हे काढा’ म्हटलं की भांडण ठरलेलंच.

यादी मात्र आखूड ठेवा. परवाना लागतो ते परवान्याशिवाय नको आणि कायद्यानं चालतच नाही ते कुणालाही नको. एखाद्या कंपनीचं तुलना करणारं फ्लेक्स गावातल्या कृषी केंद्रवाल्याला खुपतं म्हणून उतरवू नका. ते आयोजकाचं काम नाही.

सगळ्यात जास्त जपायचं ते कपाशीत. बीटी कपाशीला, म्हणजे जनुक बदलून बोंडअळीला तोंड देणाऱ्या वाणाला, 2002 मध्ये मान्यता मिळाली, पण तणनाशक सहन करणाऱ्या, चोरून विकल्या जाणाऱ्या चोरबीटीला नाही. तिचं पाकीट तर नाहीच, कुंडीतली पऱ्हाटीही नको. अर्जात वाणाचं नाव लिहून घ्या. नुसतं ‘नवं संशोधित वाण’ लिहिलेलं असेल तर अर्ज परत करा.

कीटकनाशकाच्या विक्री परवान्यावर दुकानाचा पत्ता असतो, मैदानाचा नाही. 1968 च्या कायद्यात विक्रीसाठी मांडणंसुद्धा धरलेलं आहे. म्हणून नमुन्याला कधीच न भरलेल्या बाटल्या मागवा. वापरलेल्या धुऊन आणलेल्या चालत नाहीत, त्यात अंश राहतो आणि लेकरं हाताळतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नका. पंपाचं प्रात्यक्षिक साध्या पाण्यानंच, तेही हातमोजे आणि मास्क घालून. उघड्या हातानं दाखवलं तर वावरातही तसंच होईल.

मळणीयंत्र चालू ठेवायचं तर पट्ट्याला जाळी, चहूबाजूंनी 10 फुटांवर दोर आणि ठरलेली वेळ. पदर, दुपट्टा पट्ट्यात जायला क्षण लागत नाही.

काढ्याचे स्टॉल अशा ठिकाणी हटकून येतात. ‘शुगर मुळापासून बरी’ हे फ्लेक्स लागलंच नाही पाहिजे. 1954 च्या कायद्यानं अशा जाहिरातीला बंदी आहे.

आदल्या सायंकाळी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांना घेऊन एक फेरी मारा. सकाळी दुसरी, कारण नको ते खोके रात्रीतून टेबलाखाली येतात. चोरबीटी सापडली तर स्वतः जप्त करू नका, तो अधिकार बियाणे निरीक्षकाचा. स्टॉल बंद करा, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी नोंद घ्या आणि निरीक्षकांना फोन करा. अनामत शेवटच्या दिवशीच परत द्या.