ॲसिटोन वापरताय? आधी डबा आणि ग्लोव्हज बघा

ॲसिटोन म्हणजे नेलपॉलिश काढायचं ते पाणी, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण कारखान्यात ते टँकरने लागतं, अ‍ॅक्रिलिक शीटचा कच्चा माल (मिथाइल मेथॅक्रिलेट) आणि बिस्फेनॉल ए (कडक प्लास्टिकचा कच्चा माल) ॲसिटोनपासून बनवतात. गंमत म्हणजे जगातलं बरंचसं ॲसिटोन मुद्दाम कोणी बनवतच नाही, बेन्झीन आणि प्रॉपिलीनपासून क्युमीन नावाचं रसायन करतात, मग त्याचं ऑक्सिडेशन करून फोडलं की फिनॉल (प्लास्टिक-रेझिनसाठी लागणारं रसायन) मिळतं आणि सोबत ॲसिटोन, एक टन फिनॉलमागे साधारण ०.६ टन. त्यामुळे फिनॉलची मागणी पडली की इकडे ॲसिटोनची टंचाई!

आता वापरायचं कसं. डबा काचेचा, स्टीलचा किंवा एचडीपीईचा (कॅनसाठी वापरतात ते जाड प्लास्टिक) घ्या, थर्माकोलचा कप घेतलात तर तो डोळ्यांदेखत विरघळेल. एबीएस, अ‍ॅक्रिलिक या प्लास्टिकनाही ते खातं, चष्म्याच्या अ‍ॅसिटेट फ्रेमलासुद्धा, म्हणून सुपरग्लू काढायचा असेल तर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात एक थेंब लावून बघा, मग कापसाचा बोळा भिजवून थोडा वेळ तसाच ठेवा, घासाघीस करू नका.

ग्लोव्हजचं मात्र बहुतेकांचं चुकतं. निळे नायट्राइलचे ग्लोव्हज सगळ्याला चालतात असं वाटतं ना, ॲसिटोन त्यातून काही मिनिटांत आरपार जातं. जास्त वेळ काम असेल तर ब्युटाइल रबरचे घ्या, नाहीतर ओला झाला की लगेच काढून टाका. हातावर थोडं सांडलं म्हणून फार काही होत नाही, कातडीतलं तेल जातं आणि कोरडी पडते, थंडगार लागतं कारण ते ५६ अंशालाच उकळतं आणि भराभर उडतं.

खरी भीती आगीची. फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते) उणे २० अंशांच्या आसपास, म्हणजे फ्रीजरमधून काढलेलं थंड ॲसिटोनपण ठिणगीने पेटू शकतं!! वाफ हवेच्या दुप्पट जड, जमिनीलगत सरकत लांबच्या शेगडीपर्यंत पोचते आणि ज्वाला तिथून उलटी तुमच्याकडे येते. तेव्हा खिडक्या उघड्या आणि गॅस, हीटर, सिगारेट बंद. ब्लीच किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये चुकूनही मिसळू नका. ओल्या चिंध्या लगेच कचऱ्यात कोंबू नका, बाहेर मोकळ्यावर पूर्ण वाळू द्या, आणि उरलेलं बेसिनमध्ये न ओतता घट्ट झाकण लावून ठेवा.