गावाहून नागपूरला आलात? मेट्रोनं असं फिरा

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. आमच्याकडे नागपूर म्हटलं की दवाखाना, कोर्टाची तारीख, पोरांची ॲडमिशन नाहीतर लग्नाचा बस्ता. एसटीनं गणेशपेठच्या बसस्टँडवर उतरायचं, ऑटोवाल्याशी घासाघीस करायची आणि एसटीला लागले त्यापेक्षा जास्त पैसे शहरातल्या शहरात घालवायचे, अशी रीतच पडली होती. मेट्रो डोक्यावरून जाताना सगळ्यांना दिसते, पण ‘ते शहरातल्या लोकायचं काम’ म्हणून जिना चढायला मन धजत नाही. मीही कितीतरी दिवस चढलो नव्हतो. मायला धरमपेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा पहिल्यांदा चढलो. तेव्हापासून गावातून कोणी नागपूरला निघालं की मी हेच सांगत असतो.

आधी काम धरा, मग स्टेशन

नागपूर मेट्रोच्या दोन लाईन आहेत आणि त्या बेरजेच्या चिन्हासारख्या एकमेकींना कापतात. ऑरेंज लाईन उत्तर-दक्षिण, कामठी रोडवरच्या ऑटोमोटिव्ह चौकापासून वर्धा रोडकडच्या खापरीपर्यंत. ॲक्वा लाईन पूर्व-पश्चिम, प्रजापती नगरपासून हिंगण्याच्या बाजूच्या लोकमान्य नगरपर्यंत. दोन्ही जिथं कापतात ते सीताबर्डी, आपल्या बोलण्यातली बर्डी. मार्च २०१९ मध्ये खापरी ते बर्डी एवढीच गाडी सुरू झाली होती. ११ डिसेंबर २०२२ ला उरलेले टप्पे उघडले आणि दोन्ही लाईन मिळून सुमारे ३८ किलोमीटरचं जाळं पूर्ण झालं. एवढा नकाशा डोक्यात बसला की अर्धं काम झालं.

आता तुमचं काम कुठं आहे ते बघा. मेयो दवाखान्यात पेशंट असेल तर दोसर वैश्य चौक. रेल्वे पकडायची असेल तर नागपूर रेल्वे स्टेशन याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे, पण ते संत्रा मार्केटच्या बाजूला पडतं, हे ध्यानात ठेवा. पोरांना अजब बंगला, म्हणजे म्युझियम, दाखवायचा तर झिरो माईल किंवा कस्तुरचंद पार्क. दीक्षाभूमीला रहाटे कॉलनीला उतरून पुढं ऑटो करा. एम्सला जाणाऱ्यांनी खापरी गाठावं, तिथूनही पुढं वाहन लागतंच. मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना, मात्र कुठल्याच स्टेशनच्या दारात नाही. आजारी माणूस सोबत असेल तर सरळ ऑटो केलेला बरा, मेट्रोचा हट्ट धरू नका.

एसटीतून कुठं उतरायचं

पैसे आणि वेळ खरा इथं वाचतो, आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही. गणेशपेठपर्यंत जायलाच पाहिजे असं नाही.

वर्धा, चंद्रपूर, यवतमाळकडून येणारी गाडी वर्धा रोडनं शहरात शिरते. मेट्रोचे खांब त्याच रस्त्यावर आहेत. छत्रपती चौकात उतरा, स्टेशन समोरच. सगळ्याच गाड्या तिथं थांबतील असं नाही, म्हणून तिकीट काढतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. भंडारा, साकोली, गोंदियाकडच्या लोकांनी पारडीच्या पुढं प्रजापती नगर पकडावं. रामटेक, मनसर, कामठीकडून येणाऱ्यांना ऑटोमोटिव्ह चौक सोपा. काटोल-सावनेरकडची गाडी मोरभवनच्या स्टँडला लागली तर बर्डीचं स्टेशन पायी जवळ आहे. उमरेड-भिवापूरकडून शहरात शिरताना वाटेत मेट्रो लागत नाही. तुम्ही गणेशपेठलाच या आणि तिथून कॉटन मार्केट स्टेशन विचारत जा. रेल्वेनं अजनीला उतरणाऱ्यांना काँग्रेस नगरचं स्टेशन जवळ.

वर चढण्याआधी पिशवी आणि तोंड दोन्ही बघा

स्टेशनात शिरताच पिशवी मशीनमधून जाते आणि माणूस चौकटीतून. विळा, कुऱ्हाडीचं पातं, कोयता आत नेता येत नाही. फवारणीच्या औषधाचा डबा, रॉकेल, पेट्रोलही नाही. आपण नागपूरला आलो की बियाणं-औषध घेऊनच परततो, म्हणून ही खरेदी अगदी शेवटी, एसटी पकडायच्या ठिकाणाजवळ करा. नाहीतर दोनशे रुपयांच्या विळ्यापायी दारातून परत फिरावं लागेल.

खर्र्याबद्दलही, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणाबद्दल, स्पष्ट सांगतो. तोंडात खर्रा घेऊन वर जाऊ नका. थुंकायला तिथं जागा नाही, थुंकलात तर कायद्यानं दंड आहे, आणि ते स्टेशन इतकं स्वच्छ असतं की थुंकावंसं वाटूही नये. खालीच चूळ भरून घ्या.

तिकीट

खिडकीवर रोख पैसे देऊन, फक्त स्टेशनचं नाव सांगून तिकीट मिळतं. मोबाईलवरही निघतं. रोज ये-जा करणाऱ्यांसाठी महाकार्ड आहे. वर्षातून चार वेळा येणाऱ्याला खिडकीच बरी. एक गोष्ट बायामाणसांना आधीच सांगून ठेवा. एसटीत मिळते ती अर्ध्या तिकिटाची सवलत एसटीची आहे, मेट्रोत ती चालत नाही. माझ्या मायनं खिडकीवर तिचं आधार कार्ड काढून धरलं होतं, आणि मागं रांग थांबली होती.

तिकीट म्हणजे कागदाची चिठ्ठी, तिच्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन. तो चौकोन गेटच्या काचेवर धरला की फाटक उघडतं. घाई न करता सरळ निघून जा. उतरल्यावर बाहेर पडतानाही हीच चिठ्ठी पुन्हा दाखवावी लागते, म्हणून ती जपा. मायनं ती सवयीनं पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. शंकर नगर स्टेशनला उतरून गाठ सोडली तेव्हा चिठ्ठीची गोळी झाली होती, घामानं ओलीही होती. मी मांडीवर ठेवून तळहातानं सरळ केली, तीन वेळा काचेवर धरली, फाटक उघडेना. मागच्या लोकांपुढं माय पार ओशाळली. शेवटी काउंटरवरच्या मुलीनं चिठ्ठी बघितली आणि बाजूच्या दारातून सोडलं. तेव्हापासून मी सगळ्यांच्या चिठ्ठ्या माझ्या शर्टाच्या खिशात, न दुमडता ठेवतो.

जिना, फलाट, दार

सरकत्या जिन्याची भीती वाटत असेल तर लिफ्ट शोधा, स्टेशनात असते. जिन्यानंच जायचं झालं तर नऊवारी असो की सहावारी, निऱ्या एका हातानं वर धरा, दुसऱ्या हातानं पट्टा. पाय पिवळ्या रेषांच्या मधोमध ठेवायचा आणि खाली बघत राहायचं नाही, समोर बघायचं. वर पोहोचताना पाय उचलून पुढं टाका.

फलाटावर पिवळ्या पट्टीच्या मागं उभं राहा. कुठल्या दिशेची गाडी आहे ते पाटीवर शेवटच्या स्टेशनच्या नावानं लिहिलेलं असतं. छत्रपती चौकातून बर्डीला जायचं तर ऑटोमोटिव्ह चौकाची गाडी, खापरीची नाही. दारं आपोआप उघडतात, आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या. बंद होण्याआधी आवाज होतो. तो ऐकू आल्यावर पळत शिरू नका, थोड्या वेळात दुसरी गाडी येतेच. ‘काहून रे, हे दार माह्यावर लागलं तं?’ असं मायनं दोनदा विचारलं. मी तिचा हात धरून आधी तिला आत घेतलं, मग मी चढलो. तुम्हीही म्हातारं माणूस पुढं आणि पोरं मध्ये, असं चढा.

आत प्रत्येक स्टेशनचं नाव मराठीतही पुकारतात. खिडकीतून वर्धा रोड बघण्यासारखा आहे. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि त्याच्या वर आपण. ३.१४ किलोमीटरच्या या दुमजली पुलाची २०२२ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली होती.

बर्डीला गाडी बदलणं

इथं लोक गडबडतात. लाईन बदलायची म्हणून स्टेशनच्या बाहेर जायचं नसतं, नवीन तिकीटही काढायचं नसतं. एक लाईन वर आहे, एक खाली. रंगाची पाटी बघत जिना धरायचा. गेटमधून बाहेर पडलात तर तिकीट संपलं समजा. ॲक्वा लाईनला फलाटावर चढण्याआधी लोकमान्य नगर की प्रजापती नगर, एवढं ठरवून घ्या. शंका वाटली तर तिथल्या गार्डला विचारा. मी विचारलं, त्यानं फलाटापर्यंत सोबत आणून सोडलं.

प्रवासी काय म्हणतात

डब्यात शेजारी बसलेल्यांशी मी दर वेळी बोलतो. उन्हाळ्यात थंडगार डबा, हे सगळे आधी सांगतात, आणि मे महिन्यातलं नागपूर ज्यानं भोगलं त्याला त्याची किंमत कळते. कॉलेजच्या मुली सांगतात की संध्याकाळी यायला भीती वाटत नाही. रोजच्या लोकांची तक्रार स्टेशनच्या बाहेरची आहे. खाली उतरलं की पुढच्या एक-दीड किलोमीटरला ऑटोवाला मेट्रोच्या तिकिटापेक्षा जास्त मागतो. ही तक्रार मला शंभर टक्के पटते. शंकर नगरच्या स्टेशनपासून दवाखान्यापर्यंत जायला आमच्याकडूनही तसेच घेतले. जाड तळव्याची चप्पल घाला, जवळचं असेल तर चाला, आणि लांब असेल तर बसायच्या आधी भाव ठरवा. गुडघे दुखणारे लोक जिन्यांबद्दल बोलतात. गाड्यांची संख्या वाढावी असंही बरेच जण म्हणतात, विशेषतः रात्रीची.

परतताना

मेट्रो साधारण सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत चालते, पण आपल्याला तिची वेळ बघून भागत नाही, गावाकडच्या शेवटच्या एसटीची बघावी लागते. त्या वेळेच्या तासभर आधी दवाखान्यातून निघा. दुसऱ्या टप्प्यात मेट्रो बुटीबोरी, हिंगणा, कन्हान आणि कापसीकडे वाढणार आहे. ४३.८ किलोमीटरच्या या टप्प्याला केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. बुटीबोरीपर्यंत गाडी आली की आमच्या सेलूकडच्या माणसाचा निम्मा रस्ता मेट्रोनंच होईल, आणि त्या दिवसाची मी मनापासून वाट बघतोय. तोवर वर्धा रोडवाल्यांनी खापरीच्या गाडीनं छत्रपती चौकाला उतरावं, रस्ता जपून ओलांडावा आणि बुटीबोरीकडं जाणाऱ्या बाजूला उभं राहून एसटीची वाट बघावी. संध्याकाळी गणेशपेठहूनच गाडी भरून येते. सोबत म्हातारं माणूस असेल आणि बसायला जागा पाहिजेच असेल, तर त्या वेळी मेट्रोनं कॉटन मार्केट गाठून गणेशपेठवरूनच बसा.