किनाऱ्यावरील तंबू आणि डासांचा बंदोबस्त
गुहागर किंवा आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर तंबू ठोकताना जागेची निवड हाच डासांवरचा पहिला आणि माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय आहे. डास वाऱ्याविरुद्ध फारसे उडू शकत नाहीत, म्हणून खाडी, कांदळवन आणि भातखाचरे यांपासून दूर, भरतीच्या रेषेच्या वर, परंतु समुद्राचा वारा थेट लागेल अशी मोकळी जागा निवडावी. सुरूच्या दाट बनातील सावली दुपारी सुखावते, मात्र तिथे वारा अडतो. आसपास पडलेल्या करवंट्यांमध्ये पाणी साचले असल्यास त्या पालथ्या कराव्यात.

संध्याकाळी, डासांचा जोर वाढण्यापूर्वी, नारळाच्या सोडणांचा विस्तव करून त्यावर कडुलिंबाचा किंवा निरगुडीचा ओला पाला थोडा थोडा टाकावा. हा धूर तंबूपासून अंतरावर, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला करावा. तंबूच्या आत विस्तव कधीही नेऊ नये, कारण कोंडलेला धूर जिवावर बेतू शकतो. खोबरेल तेलात कडुलिंबाचे तेल थोडे मिसळून हातापायांना लावावे, आधी मनगटावर तपासून पाहावे, आणि लहान मुलांसाठी मात्र पूर्ण बाह्यांचे कपडे व मच्छरदाणी यांवरच भर द्यावा.