ब्रेक कॅलिपर परत जोडताना कुठे कुठलं ग्रीस लावायचं

कॅलिपर (डिस्क ब्रेकचा तो भाग जो पॅड डिस्कवर दाबतो) खोलून साफ करणं तसं सोपं आहे, गडबड होते ती परत जोडताना, कारण हाताशी ग्रीसचा एक डबा असतो आणि तोच सगळीकडे फासला जातो. मीही पूर्वी स्लाइड पिनला (ज्यावर कॅलिपर सरकतो ती पिन) बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं होतं, काही महिन्यांनी पुढचं चाक जड फिरायला लागलं, उघडून बघितलं तर पिनवरचं रबर बूट (धूळ-पाणी अडवणारं आवरण) फुगून मऊ पडलेलं, पिन आत अडकलेली आणि एका बाजूचा पॅड जवळजवळ संपलेला. तेव्हापासून ग्रीस हातात घ्यायच्या आधी एकच बघतो, हे रबराला लागणार आहे का?

आपण ब्रेक ऑइल म्हणतो खरं, पण डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ हे तेल नसतंच, ते ग्लायकोलवर आधारलेलं असतं. त्याच्यासाठी जे रबर वापरतात (बहुतेक वेळा ईपीडीएम) त्याला ग्लायकोल चालतं पण पेट्रोलियमचं तेल अजिबात चालत नाही, ते शोषून रबर फुगतं. म्हणजे चेसिसचं ग्रीस, लिथियमचं मल्टीपर्पज ग्रीस, इंजिन ऑइल, व्हॅसलिन हे सगळं रबरापासून लांब. सील धुवायला पेट्रोल, डिझेल, रॉकेलही नको, ताजं ब्रेक ऑइल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या.

आता पिस्टन (ब्रेक दाबला की पॅडला ढकलणारा) आणि आतला सील. इथे सगळ्यात सेफ म्हणजे बाटलीतलं ताजं ब्रेक ऑइल, जे सिस्टीममध्ये भरणार तेच, बोटाने सीलला आणि पिस्टनला लावायचं आणि पिस्टन सरळ धरून हाताने दाबत आत न्यायचा. रेड रबर ग्रीसही चालतं, ते वनस्पती तेलाचं असतं आणि याच कामासाठी बनवलेलं आहे. सिलिकॉन ग्रीस मात्र इथे टाळा कारण ते ग्लायकोलमध्ये मिसळत नाही. हा चौकोनी सील फक्त गळती थांबवत नाही बरं का, लिव्हर दाबला की तो पिस्टनबरोबर थोडा पिळला जातो आणि सोडला की पूर्ववत होताना पिस्टनला किंचित मागे ओढतो, पॅड डिस्कपासून सुटतो तो यामुळेच, म्हणून फुगलेल्या सीलवर ब्रेक घासतच राहतो. बाहेरच्या डस्ट सीलला काही कंपन्या सिलिकॉन ग्रीस सांगतात, तिथे आपल्या गाडीचं मॅन्युअल म्हणेल तसं करायचं.

स्लाइड पिन फक्त फ्लोटिंग, म्हणजे सरकणाऱ्या कॅलिपरला असतात. त्यांना ब्रेकसाठीचं, जास्त तापमान सहन करणारं सिलिकॉन ग्रीस लावा, पण आधी जुनं काळं पडलेलं ग्रीस भोकातून पूर्ण काढा, नव्या जुन्याची खिचडी नको. थर पातळच ठेवा, बूटमध्ये ठासून भरलं तर पिन आत जाताना हवा आणि ग्रीस कोंडतं आणि पिन परत बाहेर ढकलली जाते.

कॉपर ग्रीस फक्त धातूला धातू लागतो तिथे, म्हणजे पॅडच्या मागच्या पत्र्यावर जिथे पिस्टन टेकतो तिथे अगदी पुसट आणि पॅड ज्यावर अडकवलेला असतो त्या पॅड पिनवर. बऱ्याच कॉपर ग्रीसमध्ये खनिज तेल असतं, त्यामुळे बूट किंवा डस्ट सील जवळ असेल तर मी सरळ सिरॅमिकचं ब्रेक ग्रीस घेतो, पण तेही रबराला चालतं असं ट्यूबवर लिहिलेलं असेल तरच.

बँजो बोल्टला (ब्रेकचा पाइप कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) ग्रीस नाही, नवीन वॉशर टाकायचे. कॅलिपरच्या माउंटिंग बोल्टलाही आपल्या मनाने ग्रीस लावू नका, ग्रीस लागलेला बोल्ट त्याच टॉर्कला (आवळायच्या जोराला) जास्त ओढला जातो. मॅन्युअलमध्ये थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) सांगितलं असेल तर ते लावा.

पॅडच्या घासणाऱ्या बाजूला चुकून ग्रीस लागलं तर तो पॅड टाकून द्या, पुसून भागत नाही. डिस्कला लागलं तर ती ब्रेक क्लीनरने पुसा. पॅड बसवायच्या आधी ग्रीसचे हात धुवा किंवा ग्लोव्ह्ज बदला, हे खरंच महत्त्वाचं आहे. सगळं जोडून झालं, ब्रेक ऑइलची लाइन उघडली असेल तर तिच्यातली हवा काढून झाली, की लिव्हर घट्ट होईपर्यंत पंप करा, मग चाक वर उचलून हाताने फिरवून बघा, ब्रेक दाबून सोडल्यावर ते लगेच मोकळं फिरलं पाहिजे. अडकत असेल तर गाडी बाहेर काढू नका, परत उघडा आणि आधी पिन बघा.