ब्ल्यू चीज फ्रीझरमध्ये कसं साठवावं

ब्ल्यू चीज, म्हणजे आत निळसर बुरशीच्या रेषा असलेलं चीज, महाग, आणि चवीला एवढं उग्र-खारट की दोन-तीन माणसांच्या घरात एक तुकडा लवकर संपत नाही. उरलेलं फ्रीझरमध्ये छान टिकतं. फक्त ते स्वयंपाकासाठीच, हे आधी मनाशी पक्कं करा. गोठताना चीजमधल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि त्याची वीण तुटते. बाहेर काढल्यावर ते भुसभुशीत लागतं. चव बरीचशी राहते. म्हणून बिस्किटांबरोबर नुसतं खायचा वाटा साध्या फ्रीजमध्येच ठेवा.

ब्ल्यू चीजच्या प्रकारांपैकी इंग्लंडचं स्टिल्टन घट्ट असतं, गोठवणं चांगलं सोसतं. इटलीचं मऊ गोर्गोन्झोला डोल्चे मी गोठवणार नाही. ते ताजंच संपवावं.

चीज चांगलं असतानाच गोठवा. आतल्या निळ्या-हिरव्या रेषा पेनिसिलियम रोकफोर्टी या बुरशीच्या, त्या हव्यातच. गुलाबी डाग, काळी लव किंवा अमोनियाचा भपकारा आला तर मात्र सरळ टाकून द्या.

आता वाटे करा, एका वेळी लागेल तेवढे: 50 ते 100 ग्रॅम. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापलं की चुरा कमी पडतो. खरी मेहनत गुंडाळण्यात आहे. आधी बटर पेपर, अगदी अंगासरशी, कोपरे बोटांनी दाबून. त्यावर फॉइल. मग सगळे वाटे झिपच्या पिशवीत घालून, हाताने दाबून हवा काढा. हवा राहिली की चीज वरून वाळून पांढरट पडतं, आणि वास शेजारच्या आइस्क्रीमला लागतो. पिशवीवर नाव आणि तारीख लिहा. उणे 18 अंशांवर ठेवून दोन-तीन महिन्यांत वापरलेलं उत्तम.

वापरायच्या आदल्या रात्री वाटा फ्रीजमध्ये उतरवा, ओट्यावर नको. सूप किंवा पास्त्याच्या सॉसमध्ये गोठलेलंच चुरून घातलं तरी चालतं. क्रीमचा सॉस असेल तर आच मंद करून चीज शेवटी घाला; खळखळ उकळलं तर सॉस फुटतो. मीठ त्यानंतर, चव बघून.

एकदा बर्फ सुटून मऊ झालेलं चीज पुन्हा गोठवू नका, तीन-चार दिवसांत संपवा. अशा चीजमध्ये असू शकणारे, गरोदरपणात धोक्याचे लिस्टेरियाचे जंतू गोठवल्याने मरत नाहीत, त्यामुळे घरात कुणी गरोदर असेल तर तिला हे चीज वाफा येईपर्यंत शिजवलेल्या पदार्थातूनच द्या.