‘मीच मारलं’ म्हणणाऱ्या जवानासोबत कसं बसायचं

निवृत्त जवान एखाद्या संध्याकाळी बोलून जातो, “ते लोक साधे होते. मीच मारलं.” समोरचा माणूस मायेपोटी चटकन म्हणतो, “तू काय करणार होतास, हुकूम होता.” हे वाक्य गिळायला शिकणं, इथून या कामाची सुरुवात होते. तो जवान ते स्वतःलाच हजारदा सांगून बसलेला असतो आणि ते लागू पडलेलं नसतं. शिवाय त्याला त्यातून एवढंच ऐकू येतं, की पुढचं ऐकायची या माणसाची तयारी नाही.

हे टिपण समुपदेशकांसाठी आणि माजी सैनिकांमध्ये काम करणाऱ्यांसाठी आहे; घरच्यांसाठी लागेल तेवढं शेवटाकडे सांगितलं आहे. इथल्या पद्धती मुख्यतः व्हिएतनाम, इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांसोबत घडल्या, म्हणून उदाहरणंही तिथलीच आहेत.

भीती आहे की टोचणी?

पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे उरणारा मानसिक विकार, हे निदान अमेरिकी मानसोपचाराच्या पुस्तकात १९८० साली आलं आणि त्यावरचे बरेच उपचार भीतीभोवती उभे राहिले: प्रसंग पुन्हापुन्हा सांगायचा, की भीती बोथट होते. नागरिकांना इजा केलेल्या सैनिकाचं दुखणं नेहमी भीतीचं नसतं. बॉस्टनमध्ये व्हिएतनामच्या माजी सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे यांनी १९९४ साली यासाठी ‘मॉरल इंज्युरी’, म्हणजे नैतिक जखम, हा शब्द रुळवला. त्यांचा भर वरिष्ठांनी केलेल्या दगाबाजीवर होता. २००९ साली मानसशास्त्रज्ञ ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी व्याख्या रुंदावली: स्वतः केलेलं, थांबवलं नाही ते, नुसतं पाहिलेलं आणि नंतर कळलेलं, हे सगळं तिच्यात आलं.

फरक ओळखायला माणूस काय टाळतो ते बघा. भ्यालेला माणूस गर्दी, फटाके, बंद खोल्या टाळतो. टोचणी लागलेला माणूस चांगल्या गोष्टी टाळतो. नातवाला उचलून घेत नाही, पदक ट्रंकेच्या तळाशी ठेवतो, सणाच्या दिवशी बाहेर निघून जातो. आपली लायकी नाही, असं त्याला वाटतं. त्याच्याकडून तोच प्रसंग नुसता दहादा वदवून घेतला तर फायदा होईलच असं नाही. त्याची भीती खोटी असू शकते, पण अपराधभाव खरा असू शकतो, आणि खऱ्या गोष्टीची सवय करून देणं हा उपचार नव्हे.

आणखी एक फरक पहिल्याच बैठकीत कागदावर लिहून दाखवा: ‘मी वाईट केलं’ आणि ‘मी वाईट आहे’. दुसऱ्या वाक्यावर कामच करता येत नाही, कारण त्याला ना तारीख असते ना जागा. प्रत्येक वेळी त्याला पहिल्याकडे ओढून आणायचं.

बसण्याआधी

आठवड्यातून एक बैठक, ९० मिनिटांची. तासात ती उरकू नका. माणूस उघडा पडतो आणि वेळ संपते. शेवटची १५ मिनिटं त्या प्रसंगाबद्दल काहीच बोलायचं नाही. घरी कसं जाणार, रात्री सोबत कोण आहे, एवढंच. दारू पिऊन आला तर बैठक पुढे ढकला, पण चहा पाजल्याशिवाय परत पाठवू नका. मरणाचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. घरात परवान्याचं हत्यार असेल तर ते काही महिने दुसरीकडे ठेवायची व्यवस्था आधी करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या आणि घरच्यांच्या फोनमध्ये असू द्या. सैन्यदलांसाठीचा त्याचा विशेष कक्ष पुण्याच्या एएफएमसी या सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला.

कायद्याचा भाग बहुतेक जण विसरतात. ‘इथे बोललेलं इथेच राहील’ असं वचन देऊ नका, कारण ते तुमच्या हातात नाही. भारतात वकिलाशी झालेल्या बोलण्याला साक्षीच्या कायद्यात संरक्षण आहे, नवरा-बायकोमधल्या बोलण्यालाही आहे. डॉक्टर, समुपदेशक किंवा जुना सोबती यांना तसं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्तता दिली आहे, पण न्यायालयाने मागितलं तर माहिती द्यावी लागते. खुनाच्या गुन्ह्याला मुदतही नसते. म्हणून प्रसंग कायद्याच्या कक्षेत येण्यासारखा वाटला तर सांगा: “नावं, गावं, तारखा आधी वकिलाकडे. मला काय झालं ते सांग, कुठे झालं ते नको.” काम तेवढ्यावरही चालतं.

वाटणीचा कागद

या सगळ्याचा कणा हा कागद आहे. होनोलुलूमध्ये व्हिएतनामच्या माजी सैनिकांसोबत काम केलेल्या एडवर्ड क्युबनी यांच्या अपराधभावावरच्या कामातून ही रीत आली. दिसायला सोपी आहे, बिघडायलाही तितकीच सोपी.

समजा, इराकमधला एक नाका. संध्याकाळ. एक मोटार थांबत नाही, मशिनगनवरचा जवान गोळ्या झाडतो आणि आत बाप-लेक निघतात. असे प्रसंग तिथे पुष्कळ घडले. कित्येकदा चालकाला थांबण्याची खूणच कळलेली नसायची.

प्रथम दोन रकाने करा. डावीकडे ‘त्या क्षणी माहीत होतं’, उजवीकडे ‘नंतर कळलं’. आत मूल होतं, हे उजवीकडे. मोटार रिकामी करून तपासली, काहीच सापडलं नाही, हेही उजवीकडे. मग वेळ मोजा. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटार सेकंदाला साधारण १७ मीटर कापते, म्हणजे १०० मीटर अंतरात जवानाकडे ६ सेकंद होते. घड्याळ लावून ६ सेकंद गप्प बसा. बरेच जण त्या क्षणाला अनेक मिनिटांचा समजत आलेले असतात, कारण डोक्यात तो वर्षानुवर्षं चालू असतो.

मग विचारा, “शंभरातला तुझा वाटा किती?” समजा तो ९५ म्हणाला. वाद घालू नका, लिहून घ्या. पुढे एकेक विचारत जा आणि प्रत्येकाचा आकडा त्यालाच ठरवू द्या. वळण संपताच नाका लावायची जागा निवडणारा अधिकारी: ५०. गोळीबाराचे नियम ठरवणारं मुख्यालय: ४०. आदल्या दिवशी मोटारीतून स्फोट घडवून प्रत्येक मोटार संशयित करणारे: ४०. अरबी पाटी न पुरवणारी यंत्रणा: ३०. युद्ध ठरवणारे: २५. न थांबलेला चालक: २०. बेरीज ३०० भरते. ९५ ला ३०० ने भागलं की येतात साधारण ३२ टक्के.

इथे बरेच समुपदेशक पेन खाली ठेवतात, आणि नेमकी तीच चूक आहे. ३२ हा आकडा काही खरा नाही, त्याला दशांश चिकटवून उपयोग नाही. तो १०० नाही आणि शून्यही नाही, एवढंच तो सांगतो. खरं काम या ३२ च्या आत आहे. त्यात काय काय आहे? इशाऱ्याची गोळी वगळली? मोटार थांबल्यावरही दुसरी फैर झाडली? पुष्कळदा सल असतो तो या दुसऱ्या फैरीचा, किंवा नंतर अहवालात लिहिलेल्या एका खोट्या ओळीचा. माणूस सगळ्या मोटारीचं ओझं वाहत असतो, कारण दुसऱ्या फैरीचं नाव घेणं त्याला जमत नाही. ते नाव आलं, की आवाज बदलतो आणि तो बहुधा जमिनीकडे बघून बोलतो. तिथे घाई करू नका.

चालकाच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी. तो घटनेच्या कारणांमध्ये आहे, दोषींमध्ये नाही. मेलेल्याला यादीत घेताना ‘त्याला काय माहीत होतं?’ हा प्रश्न त्याच्या बाजूनेही विचारा, नाहीतर कागद मेलेल्यावर खापर फोडण्याचं साधन होतो.

कागद उलटा पडतो तेव्हा

हीच रीत चुकीच्या माणसाच्या हाती गेली तर तो स्वतःला ५ टक्के देऊन मोकळा होतो. यादीत जेवढी नावं वाढवाल तेवढा वाटा घटतो, ही त्यातली पळवाट आहे. म्हणून समोरून येणाऱ्या मोटारीवर झाडलेल्या गोळीला जो कागद चालतो, तो ताब्यातल्या माणसांवर झाडलेल्या गोळीला चालत नाही.

यासाठी ‘माय लाय’ची कसोटी लावा. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनामच्या क्वांग न्गाय प्रांतातल्या या गावात अमेरिकी सैन्याच्या चार्ली कंपनीने निःशस्त्र गावकरी मारले. व्हिएतनामच्या नोंदीत ५०४ नावं आहेत. कंपनी तीच, हुकूम तेच, सुरुंगांत गमावलेले सोबती तेच. तरीही काहींनी गोळी झाडायला नकार दिला, आणि ह्यू थॉम्पसन या वैमानिकाने आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मधे उतरवलं. त्याच जागी दुसऱ्या कुणी वेगळं केलं असेल, तर ‘इलाजच नव्हता’ हा रकाना बंद. भारतातही सेना कायदा, १९५० चं कलम ४१ अवज्ञेला शिक्षा सांगतं ती ‘कायदेशीर’ हुकुमाच्या अवज्ञेला. आणि न्यायालयात टक्के चालत नाहीत: दहा जण जबाबदार असले तरी प्रत्येक जण पुरता जबाबदार असू शकतो. कागद मनासाठी आहे, बचावासाठी नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

कुणी मधेच गीता सुनावली तर नम्रपणे थांबवा. अर्जुनासमोर शस्त्र घेऊन उभे असलेले लोक होते. इथे लागू पडतं ते महाभारतातलं सौप्तिक पर्व, अश्वत्थाम्याने केलेली झोपलेल्यांची कत्तल.

जो भाग उरतो त्याचं काय

अपराध खरा आहे असं ठरलं, की समजूत काढणं थांबवा. लिट्झ यांच्या गटाच्या उपचारात इथे एक काल्पनिक संवाद येतो. समोर रिकामी खुर्ची ठेवायची आणि तिच्यावर असा माणूस कल्पायचा, ज्याच्यापुढे खोटं बोलवणार नाही, पण जो हाकलूनही देणार नाही. आपल्याकडे अनेकांना जुने सुभेदार मेजर सुचतात, कुणाला आजी. देव शक्यतो नको. देवाच्या तोंडी जवान चटकन माफी किंवा चटकन नरक घालतो. त्याने वर्तमानकाळात, डोळे मिटून, सगळं सांगायचं आणि मग खुर्ची बदलून त्या माणसाचं उत्तर स्वतः द्यायचं. पहिलं उत्तर जवळपास नेहमीच कठोर येतं. मग विचारा, “त्या रात्री दुसऱ्याच कुणी हे केलं असतं आणि आज तो तुमच्याकडे आला असता, तर त्याने पुढची वीस वर्षं काय करावं असं तुम्ही म्हणाला असता?”

पुढे मृताला पत्र. त्यात माफी मागता येते, पण मृताच्या वतीने माफ करून टाकता येत नाही. ते शेवटचं वाक्य जवान हमखास लिहितो. खोडायला सांगा.

मग परतफेडीचं काम, आणि त्याला माप हवं. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर नॉर्मन बिशपांनी जिंकलेल्या सैनिकांसाठी प्रायश्चित्ताचे नियम ठरवले होते: मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष, जखमी करून पुढचं माहीत नसेल तर प्रत्येकामागे ४० दिवस, आकडाच ठाऊक नसेल तर जन्मभर आठवड्यातला एक दिवस. धर्म बाजूला ठेवला तरी यातली कारागिरी बघण्यासारखी आहे: न मोजता येणाऱ्या गोष्टीलाही दर आठवड्याला पाळता येईल असं रूप दिलं. याच्या उलट आपला अश्वत्थामा. तीन हजार वर्षं भटकण्याचा शाप, पण काय केलं म्हणजे काही फेडलं जाईल, ते कुणी सांगितलंच नाही. अजून आपण अभ्यंगाच्या आधी त्याच्या नावाने तेलाची बोटं जमिनीला लावतो.

काम नेमकं, नियमित आणि झालेल्या हानीच्या जवळचं असावं. व्हिएतनामच्या क्वांग त्री प्रांतात २००१ पासून ‘प्रोजेक्ट रिन्यू’ न फुटलेले बॉम्ब निकामी करतं; ते उभं करण्यात अमेरिकी माजी सैनिक होते. एवढं मोठं नको. रस्त्यावर मूल मेलं असेल तर शाळेसमोरच्या वाहतुकीसाठी आठवड्याचे दोन तास चालतील. सगळी पेन्शन दान करून टाकतो म्हणाला तर अडवा. ते काम नव्हे, तो स्वतःला दिलेला दंड आहे, आणि त्याचा भार बायको-मुलांवर पडतो.

मृताच्या घरच्यांकडे न बोलावता जाऊ देऊ नका. तुमचं मन हलकं करणं हे त्यांचं काम नाही. सम्राट अशोकाने कलिंगचा पश्चात्ताप तेराव्या शिलालेखात कोरला, एक लाख मारले गेले आणि दीड लाख माणसं हलवली गेली हे आकड्यांसह. पण खुद्द कलिंगातल्या धौली आणि जौगड इथे तो लेख नाही, तिथे वेगळे लेख आहेत. कारण काहीही असो, कुणाला काय ऐकवायचं हा प्रश्न जुना आहे. माफी मागायचीच वेळ आली तर ती कारणांशिवाय हवी. माय लायसाठी दोषी ठरलेला विल्यम कॅली २००९ साली अमेरिकेतल्या एका क्लबात जाहीरपणे पश्चात्ताप बोलला. प्रश्न आल्यावर त्याने पुन्हा हुकूमच पुढे केले. ‘पण’ आला की माफी संपते.

घरच्यांसाठी एवढंच: तपशील विचारू नका आणि अडवूही नका. “किती मारलेस?” कधीच नाही. “आज जड आहे का?” हे चालेल. त्या तारखेची नोंद ठेवा आणि त्या दिवशी लग्न-बारसं ठरवू नका.

शेवटच्या बैठकीनंतर एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी वाटणीचा कागद जुना न दाखवता नव्याने भरून घ्या. वाटा २० ते ४० च्या आसपास हलत राहिला तर ठीक. तो परत ९५ वर गेला असेल, तर गणित पुन्हा समजावू नका. काहीतरी सांगायचं राहिलं आहे. रकान्यांच्या कागदावर परत या आणि विचारा, मोटार थांबल्यानंतर काय झालं.