वाफेचं मशीन घेतलंय? मग आधी नळाचं पाणी बघा

गेल्या दिवाळीच्या साफसफाईला मी हौसेने हातातलं छोटं स्टीम क्लीनर घेतलं. जाहिरातीत बाई नळावर वाफ मारते आणि पांढरे डाग गायब, ते बघूनच घेतलं खरं तर. आमच्याकडे पुण्याच्या अगदी कडेला, सोसायटीचं पाणी बोअरचं आणि मार्चनंतर टँकरचं, त्यामुळे बाथरूमच्या टाइल्सवर पांढरी पुटं चढलेली. तर मी अर्धा तास वाफ मारली, घामाघूम झाले, आणि डाग जिथल्या तिथे. वर दोन महिन्यांत मशीनच खोकायला लागलं, वाफ कमी आणि थुंकी जास्त. आई रत्नागिरीहून आली होती, ती म्हणाली, "अगं, तुमच्या पाण्यात डाळ शिजत नाही तर ते मशीन काय शिजणार!"

तिचं बरोबर होतं. वाफ तेलकटपणावर, चिकटपणावर, ढेकणांवर चालते, क्षारावर नाही. क्षाराला आंबट लागतं. आणि मशीनमध्ये जड, म्हणजे क्षाराचं, पाणी घातलं तर तोच क्षार आता मशीनच्या पोटात बसतो. एवढं डोक्यात ठेवून पुढे वाचा.

पाणी जड आहे का, ते आधी बघा

शाळेत विज्ञानात दुष्फेन आणि सुफेन पाणी होतं, आठवतंय? शब्द विसरलात तरी चालेल पण प्रयोग कामाचा आहे. प्लास्टिकची स्वच्छ बाटली अर्धी भरा, त्यात अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाका, झाकण लावून जोरात हलवा. भरपूर फेस आला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ राहिलं तर पाणी हलकं, आणि फेस जेमतेम, वर दह्याच्या फुटीसारखा थर, पाणी गढूळ, असं झालं तर जड. भांड्याचं लिक्विड वापरू नका हं, त्याला जड पाण्यातही फेस येतो, प्रयोग फसतो.

आकडा पाहिजे असेल तर हार्डनेसच्या, म्हणजे पाण्याचा जडपणा मोजायच्या, पट्ट्या ऑनलाइन मिळतात, पाण्यात बुडवून रंग जुळवायचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेस लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरलाय आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. आमची पट्टी ४५० च्या आसपास दाखवते. बरेच जण टीडीएस मीटर बुडवतात आणि त्यालाच हार्डनेस समजतात, तसं नाहीये. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, मीठसुद्धा. हार्डनेस म्हणजे त्यातलं फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. सॉफ्टनरमधून, म्हणजे पाणी हलकं करणाऱ्या यंत्रातून, आलेल्या पाण्याचा टीडीएस जवळपास तेवढाच दिसतो, आणि मग लोक सोसायटीच्या ग्रुपवर भांडतात की प्लांट बंद आहे म्हणून.

मशीनच्या पोटात काय होतं

जड पाण्यातले बायकार्बोनेट तापले की फुटतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, म्हणजे चुनखडीच. पातेल्यात रोज पाणी उकळलं की तळाला पांढरं धरतं ना, तेच. वाफ होऊन बाहेर जातं ते फक्त पाणी, बाकी सगळं आत राहतं. माझ्या मशीनची टाकी ३०० मिलिलिटरची, म्हणजे ४५० च्या पाण्याने एका वेळेला साधारण १३५ मिलिग्रॅम क्षार आत येतो, तीस वेळा भरलं की चार ग्रॅम, एक छोटा चमचाभर! आणि वाफेचं भोक केवढं असतं, सुईच्या टोकाएवढं. मग खोकेल नाहीतर काय करेल.

मग पाणी कुठलं घालायचं

मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते आधी वाचा, कारण काही मशीनला एकदम शुद्ध पाणी चालत नाही, त्यांचा पाण्याचा सेन्सर क्षारावरच चालतो आणि डिस्टिल्ड घातलं तर टाकी रिकामी आहे असं समजून बसतो. बाकी माझा अनुभव असा:

- आरओचं पाणी सगळ्यात सोयीचं, घरात असतंच. पण आरओचं वाया जाणारं पाणी चुकूनही नाही, त्यात क्षार नळापेक्षा जास्त असतो. बचत म्हणून मी एकदा घातलं होतं, परत नाही.
- इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, पुस्तिका नको म्हणत नसेल तर चालतं. नाहीतर नळाचं आणि हे अर्धं अर्धं.
- एसीच्या पाइपमधून ठिबकतं ते पाणी जवळपास क्षार नसलेलंच असतं, पण त्यात धूळ आणि बुरशी येते, मी ते मशीनमध्ये घालत नाही, फरशी पुसायला वापरते.
- आरओ नसेल तर पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, रात्रभर ठेवा, सकाळी तळ न हलवता वरचं पाणी फडक्यातून गाळून घ्या. सगळा हार्डनेस जात नाही, उकळून बसणारा तेवढा जातो, पण फरक पडतो.

सॉफ्टनरच्या पाण्याबद्दल लोक हमखास विचारतात. त्याने चुनखडी धरत नाही हे खरं, पण क्षार गेलेला नसतो, कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं एवढंच. ते आत उकळत राहिलं की पाणी सोड्यासारखं होत जातं, फेसाळतं, वाफेबरोबर थेंब उडतात, आणि बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर त्याला ते मानवत नाही. वापरायचंच असेल तर दर वेळी काम झालं की टाकी ओतून टाका, आत ठेवू नका.

आता साफ कसं करायचं

आधी कोरडं झाडून घ्या किंवा व्हॅक्यूम मारा. धुळीवर वाफ मारली की चिखल होतो, विशेषतः स्लायडिंग खिडकीच्या पट्ट्यांत. मग मशीन भरा, खुणेच्या वर नाही. प्लग बघा, १५०० वॉटच्या वरचं मशीन साध्या ६ अँपियरच्या सॉकेटला लावायचं नाही, गिझर-ओव्हनचा असतो तसला मोठा पॉइंट पाहिजे. तीन-चार मिनिटं तापू द्या आणि पहिला फवारा सिंकमध्ये सोडा, त्यात गरम पाणीच येतं, वाफ मागून येते.

नोझल दोन-तीन सेंटिमीटरवर धरा. लांबून मारली तर वाफ वाटेतच गार होते, नुसतं ओलं होतं. आणि घाई करू नका. खरी मेख पुढे आहे, वाफेने मळ सुटतो, निघत नाही! तो लगेच पुसून घ्यावा लागतो. एका हातात मशीन, दुसऱ्या हातात मायक्रोफायबर नाहीतर जुना पंचा, मारलं की पुसलं, मारलं की पुसलं. तसंच सोडलंत तर तेल गार होऊन शेजारी जाऊन बसतं.

गॅसमागच्या टाइल्स, चिमणीच्या जाळ्या, एक्झॉस्टचं पातं, मिक्सरच्या खालची ती न पोचणारी जागा, इथे वाफेसारखं काही नाही. फोडणीचा चिकट थर, जो साबणाने नुसता पसरतो, तो लोण्यासारखा सुटतो. गॅसचा रेग्युलेटर बंद करून मगच शेगडीकडे वळा, आणि बर्नर पूर्ण सुकल्याशिवाय पेटवू नका. एक्झॉस्टचं बटण तर बंद हवंच.

गादीत ढेकूण असतील तर रुंद नोझलवर फडकं बांधा, कारण बारीक नोझलचा झोत ढेकणाला मारायच्या आधी उडवून दुसरीकडे टाकतो. शिवणी, कोपरे, पलंगाचे सांधे, सगळीकडे मुंगीच्या चालीने फिरवा. ५० अंशांच्या वर तापमान थोडा वेळ टिकलं की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात, पण वाफ खोल जात नाही, म्हणून आठवडाभराने परत करा. नंतर दिवसभर ऊन द्या. पावसाळ्यात हे काम काढू नका, कापसाची गादी आतून ओली राहिली तर ढेकूण गेले आणि बुरशी आली असं होतं.

कुठे नको ते पटकन सांगते: लॅमिनेट फ्लोअरिंग, सनमायकाच्या कडा, पॉलिशचं लाकूड, भिंतीचा साधा डिस्टेंपर, स्विचबोर्डाच्या जवळ, आणि एसीने गार पडलेली खिडकीची काच.

टाकी संपली की लगेच झाकण उघडायचं नाही! कुकरची शिट्टी बसल्याशिवाय झाकण उघडतो का आपण? तेच इथे. प्लग काढा, बटण दाबून उरलेली वाफ सोडा, वाफ थांबली तरी दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग झाकण हळूहळू फिरवा, सूं आवाज आला की थांबा. गरम टाकीत गार पाणी ओतलं की ते वर उसळतं, माझ्या मनगटावर अजून खूण आहे.

पांढऱ्या डागांचं काय

लिंबूसत्त्व आणा, वाण्याकडे मिळतं, ढोकळ्यात घालतात तेच. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा. फडकं त्यात बुडवून नळाला गुंडाळा, वरून प्लास्टिकची पिशवी आणि रबर, वीस मिनिटं. मग ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढता येते, ती वाटीत बुडवून ठेवा, शॉवरला पिशवी भरून बांधा. जाड पुटं एका वेळेत जात नाहीत, दोनतीनदा करावं लागतं.

पण थांबा, ओटा कडप्प्याचा आहे का? शहाबादी फरशी, कोटा, संगमरवर, जुन्या घरातली मोझॅक? हे दगड चुनखडीचेच किंवा त्यात संगमरवराचे तुकडे, म्हणजे आपल्याला घालवायचा क्षार आणि हा दगड एकाच जातीचे, आणि लिंबाला दोघांतला फरक कळत नाही. डाग जाईल आणि दगडाची चकाकीही जाईल. माझ्या मावशीच्या कडप्प्यावर व्हिनेगरचा गोल ठसा कायमचा बसलाय. ग्रॅनाइट आणि ग्लेझ्ड टाइल्सला चालतं. दगडावर फक्त पाणी, सौम्य साबण आणि रोज कोरडं पुसणं.

हार्डवेअरच्या दुकानातलं ॲसिड आणू नका, टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट खातं, स्टील काळं पडतं. आणि कुठलंही आंबट ब्लीचबरोबर कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तर जिवावर बेततं.

मशीनचं पोटही लिंबूसत्त्वाच्या त्याच पाण्याने साफ होतं. प्लग काढलेलं, गार मशीन, तेच पाणी टाकीत भरा, अर्धा तास, अधूनमधून हलवा, ओतून टाका, साध्या पाण्याने तीनदा खळखळवा. पहिल्यांदा ओतलं तेव्हा खडूच्या चुऱ्यासारखं काय काय पडलं! मग साधं पाणी भरून एकदा मशीन चालवा आणि ती वाफ सिंकमध्ये घालवा. आंबट पाणी आत असताना मशीन चालू करायचं नाही. जड पाणी घालणाऱ्यांनी दर महिन्याला करा, आरओवाल्यांनी दोन-तीन महिन्यांनी.

घरात सॉफ्टनर बसवला असेल तर

साबण आणि डिटर्जंट निम्म्यावर आणा, नाहीतर फेस आवरणार नाही. अंघोळीनंतर अंग निसरडं लागतं, साबण निघालाच नाही असं वाटतं, निघालेला असतो. डाग यातही पडतात पण ते ओल्या फडक्याने जातात, घासावे लागत नाहीत, फरक तेवढा. सॉफ्टनरच्या टाकीतलं मीठ संपू देऊ नका, रेझिन, म्हणजे आतले कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारे दाणे, त्या मिठाच्या पाण्यानेच परत ताजं होतं, संपलं की जड पाणी तसंच्या तसं घरात येतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. दर आठवड्याला बाटलीचा तो साबणाचा प्रयोग करा.

प्यायला आणि स्वयंपाकाला मात्र सॉफ्टनरच्या आधीची लाइन नाहीतर आरओ. हार्डनेसच्या दर १०० मिलिग्रॅममागे पाण्यात साधारण ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं, म्हणजे आमच्या पाण्यात लिटरला दोनशेच्या वर, घरात बीपीवालं कोणी असेल तर डॉक्टरांना हे सांगा. कुंड्यांनाही हे पाणी नको, सोडियमने माती दगडासारखी होते. आमची तुळस दोनदा गेली तेव्हा कळलं. आता तिला एसीचं पाणी, आणि डाळीला आरओचं, तीन शिट्ट्यांत शिजते.